ओंबीचा रुपया

आमच्या भिंगारला इतिहासाची टंचाई कधीच नव्हती. १७०७ साली औरंगजेब बादशहानं शेवटचा श्वास घेतला तो इथंच. नगरचा भुईकोट किल्ला तर हाकेच्या अंतरावर. पण देश म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कळलं ते आजीच्या गाडग्यातल्या सात रुपयांमुळं.

त्यातले सहा राणीछाप, चांदीचे. आजीच्या सासूकडून आलेले. औरंगजेबाच्या रुपयावर नुसती अक्षरं असायची. वाचता येईल त्यालाच बादशहा कळायचा. इंग्रजी अमलात रुपयावर मुखडाच आला आणि अडाण्यालाही मालक कोण ते समजलं. "सरकार म्हंजी ही बाई," असं सासूनं आजीला सांगितलेलं.

सातवा रुपया १९५० चा. स्वातंत्र्य मिळालं तरी बाजारात राजाच्या तोंडाचीच नाणी चालत होती. मग हा नवा रुपया आला. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह, आणि मागच्या बाजूला पूर्वी वाघ होता तिथं धान्याच्या ओंब्या. आजोबांना तो गव्हाच्या पट्टीत मिळाला. आजीनं उलटासुलटा करून पाहिला. सिंहांचं तिला काही वाटलं नाही. ओंबी दिसली तशी म्हणाली, "अगं बया, ह्ये तर आपल्या रानातलं!"

१९४२ ते ४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तेव्हा आजी त्याच वाटेनं डोक्यावर गवताचा भारा घेऊन कॅम्पात जायची. आत कोण आहे, तिला पत्ता नव्हता. त्याच कैदेत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्यात एक आठवण आहे. सभेत लोक भारतमातेचा जयजयकार करायचे, आणि नेहरू विचारायचे, ही माता कोण? एका जाट शेतकऱ्यानं उत्तर दिलं, धरती. नेहरू त्यांना पुढं समजावून सांगत, की धरती तर खरीच, पण तुम्ही माणसंही तीच. कॉलेजात हे वाचलं आणि मला भिंतीबाहेरून जाणारी आजी आठवली.

१९७२ च्या दुष्काळात विहीर आटली. गहू पेरलाच नाही. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. एक दिवस वडील गाडगंच घेऊन सराफाकडं गेले, मी बरोबर. सहा राणीछाप तराजूत गेले. सातवा सराफानं टिचकी मारून परत दिला. "ह्यात चांदी नाही, निकेल आहे."

घरी आल्यावर वडिलांनी तो आजीच्या हातावर ठेवला. सहांचं तिनं विचारलंही नाही. पदरानं तो रुपया पुसत म्हणाली, "बरं झालं चांदी नव्हती. औंदा घरात ओंबी म्हणून एवढीच."

तो रुपया आता माझ्याकडं आहे. पंधरा ऑगस्टला नातीनं देशाचं चित्र काढलं. त्यात झेंडा होता आणि कॅम्पात दिसतो तसा रणगाडा होता. मी तिच्यापुढं रुपया ठेवला. तिनं निरखून पाहिला, आणि रणगाड्याच्या कडेला हिरवं रान काढायला घेतलं.