दोन पहारेकऱ्यांच्या मध्ये

१९३० च्या दशकात वॉर्सातलं डाव्या विचारांचं नियतकालिक उघडलं की मजकुराच्या मधोमध कधी कधी कोरी जागा दिसे. सरकारनं आक्षेप घेतलेला भाग काढून टाकलेला असे, पण जागा तशीच ठेवलेली. इथं काहीतरी होतं, एवढं वाचकाला बरोबर कळे.

पोलंडमध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून त्याची मतं साहित्याच्या आडून मांडली जात. डिसेंबर १९२९ मध्ये निघालेलं ‘मिएशेंचनिक लितेरात्स्की’ असंच एक मासिक. संपादक कवी अलेक्सांदर वाट. सप्टेंबर १९३१ मध्ये पोलिसांनी संपादकीय गोतावळ्यालाच उचललं आणि मासिक संपलं. पुढे वाटनं आठवणींत सांगितलं, की देशाचे तेव्हाचे सर्वेसर्वा पिल्सुद्स्की यांचे निकटवर्ती कर्नल व्हिएन्यावा यांनी तुरुंगात खाण्याचे जिन्नस आणि व्होडका धाडली. कैद्यांमधला कवी ब्रोनिएव्स्की एकेकाळी पिल्सुद्स्कींच्याच फौजेत लढलेला. पकडणारे आणि पकडलेले एकमेकांना चांगले ओळखत होते.

सरकार हा एक पहारेकरी. दुसरा मात्र ओळख ठेवणारा नव्हता. तो म्हणजे खुद्द पक्ष. १९३२ मध्ये तरुण पत्रकार आयझॅक डॉयचरला पक्षानं काढून टाकलं. नाझींचा धोका युरोपला गिळेल, असं त्यानं लिहिलं होतं. पक्षाच्या लेखी ही घबराट पसरवणं होतं. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला.

याच कोंडीत समीक्षक आंद्झेय स्तावारनं १९३४ मध्ये ‘पोद प्रोंद’, म्हणजे ‘प्रवाहाविरुद्ध’, हे नियतकालिक काढलं. त्याच वर्षी सरकारनं विरोधकांना डांबण्यासाठी बेरेझा कार्तुस्काची छावणी उघडली. स्तावार मार्क्सवादी होता आणि तसाच राहिला, म्हणूनच त्याची टीका पक्षाला झोंबली: सोव्हिएत संघात कामगारांच्या नावानं नोकरशाहीच राज्य करते आहे, हे त्यानं मार्क्सच्याच पद्धतीनं मांडलं. हाताशी ना मोठा पैसा, ना पक्षाचं जाळं. १९३६ मध्ये नियतकालिक बंद पडलं. इतक्या थोड्या काळात इतकं स्पष्ट बोलणारं लिखाण तेव्हाच्या युरोपात विरळाच.

मॉस्कोला गेलेल्या पोलिश कम्युनिस्ट लेखकांपैकी हेम्पेल आणि स्तांदे हे दोघं १९३७ मध्ये स्टालिनच्या दडपशाहीत मारले गेले. १९३८ मध्ये कॉमिन्टर्ननं, म्हणजे मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेनं, पोलिश कम्युनिस्ट पक्षच विसर्जित केला.

स्तावार दुसऱ्या महायुद्धातून वाचला. १९६१ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला, आणि त्याच वर्षी त्याचं अखेरचं लिखाण पॅरिसजवळच्या पोलिश निर्वासितांच्या प्रकाशन संस्थेनं छापलं.