दीपाबाईंची चोळीबांगडी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तेव्हा प्रत्येकीने काही ना काही लिहिलेच पाहिजे, असे अध्यक्षीणबाईंनी बजावले. मी जेमतेम सातवी शिकलेली. पण इतिहास वाचण्याची आवड मला लहानपणापासून आहे. म्हणून इतिहासातलीच एक हकिगत सांगते. ती भावाभावांच्या वाटणीची आहे.

शहाजीराजे 23 जानेवारी 1664 रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. जिजाबाईंच्या पोटी झालेले शिवाजीराजे महाराष्ट्रात होते. तुकाबाईंच्या पोटी झालेले धाकटे व्यंकोजीराजे कर्नाटकात वडिलांजवळ होते. त्यामुळे बेंगळूरकडची जहागीर, दौलत, सरंजाम सारे व्यंकोजीराजांच्या हाती राहिले. पुढे 1675 च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले व तेथे आपली गादी स्थापली.

तेरा वर्षे अशी गेली. 1677 साली शिवाजीमहाराज दक्षिणेच्या स्वारीवर गेले. जिंजीचा किल्ला त्यांनी घेतला आणि धाकट्या भावाला भेटीस बोलावले. जुलै महिन्यात कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमलवाडी येथे दोघे भेटले. काही दिवस मेजवान्या झाल्या. मग वडिलांच्या मिळकतीतला निम्मा वाटा द्यावा, असे थोरल्याने सांगितले. धाकट्याने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. एका रात्री ते गुपचूप नदी उतरून तंजावरास निघून गेले. आपण का भावाला कैद करणार होतो, असे महाराजांना वाईट वाटल्याचे सभासदाने आपल्या बखरीत लिहिले आहे.

भगिनींनो, एका बाजूनेच पाहू नये. व्यंकोजीराजे विजापूरच्या चाकरीत होते. वडिलांजवळ राहून त्यांनी सारे सांभाळले होते, आणि तंजावर तर त्यांची स्वतःची कमाई. थोरल्यांचे म्हणणे, वडील दोघांचे, तर मिळकतही दोघांची. घरोघरी हेच दोन मुद्दे ऐकू येतात. दोन्ही खरे असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

महाराजांनी नदीच्या उत्तरेचा मुलूख ताब्यात घेतला. शहाजीराजांचे आणखी एक पुत्र संताजी व रघुनाथपंत हणमंते यांना तेथे ठेवून ते परत फिरले. नोव्हेंबरमध्ये व्यंकोजीराजांनी संताजींवर फौज घातली. दिवसा त्यांची सरशी झाली, पण रात्री संताजींनी छापा घालून त्यांचा मोड केला. एका बापाची मुले एकमेकांच्या रक्ताला उठली.

येथे दीपाबाई पुढे आल्या. त्या व्यंकोजीराजांच्या पत्नी. थोरल्या भावाशी वैर धरू नये, त्यांच्याशी गोडीने राहावे, यातच आपले हित आहे, असे त्यांनी पतीला समजावले. महाराजांचेही समजुतीचे पत्र आले होते. अखेर तह झाला. तंजावर व्यंकोजीराजांकडे राहिले. बेंगळूर व भोवतालचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. त्याचे उत्पन्न पुढे त्या ज्या लेकीला देतील तिने खावे, असे कलम बखरीत आहे. मुलूख दिला तो भावाला नव्हे, भावजयीला!

त्या तहाचे फळ दोन्ही घरांना मिळाले. 1689 मध्ये महाराष्ट्रावर संकट आले, तेव्हा राजाराममहाराजांना जिंजीनेच आसरा दिला. व्यंकोजीराजांच्या पश्चात त्यांचे तीन मुलगे शहाजी, सरफोजी व तुकोजी एकामागून एक गादीवर आले. तंजावरचे राज्य 1855 पर्यंत टिकले. तेथील सरस्वती महाल ग्रंथालय आजही आहे.

आता घरचे सांगते. सासरे गेल्यावर आमच्याकडे जमिनीची वाटणी झाली, पण विहीर एकच. पाण्याच्या पाळीवरून हे आणि मोठे भाऊजी यांच्यात बोलाचाली झाली. चार वर्षे झाली, एकमेकांच्या उंबऱ्यावर कोणी चढले नाही. मी काय केले? जाऊबाई पाणवठ्यावर जे बोलल्या ते रात्री ह्यांच्या कानावर घातले, आणि वर दोन शब्द माझ्या पदरचे जोडले. दीपाबाईंची हकिगत वाचली त्या दिवशी भाकरी थापताना माझे हात थांबले. तिच्या जागी मी असते, तर तंजावर बुडवले असते.

आणखी एक आठवले. वाटणीच्या वेळी वन्संनी हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही केली. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तरी त्या दिवशी त्यांना साधा खणही कोणी दिला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या राजाला लेकीबाळींची आठवण राहिली, आणि आम्ही विसरलो.

परवा ह्यांना म्हटले, "या दिवाळीला वन्संना आणू या. भाऊबीज भाऊजींच्या ओटीवर करू या. पाट दोन्ही भावांचे शेजारी मांडायचे." हे काही बोलले नाहीत. पण सकाळी मोटर बंद करून आले ती आपली पाळी संपायच्या आधी तासभर. का, ते मी विचारले नाही.

दुपारी मी जाऊबाईंकडे गेले. विरजण मागायचे निमित्त केले. त्यांनी वाटी भरून दिली, आणि चहाला आधण ठेवले.