भाव, धीर आणि शब्द

बाजारातील घासाघीस हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभेल काय, अशी शंका काही मंडळींना येईल. राजांच्या लढाया, संतांची चरित्रे, स्वातंत्र्याचा संग्राम हे इतिहासाचे नेहमीचे विषय होत. परंतु ज्यांनी कधी तलवार हाती धरली नाही, अशा कोट्यवधी माणसांनी एक लढाई रोज लढलेली आहे, ती म्हणजे भाव ठरविण्याची. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. वाटाघाटी हा आमचा रोजचा उद्योग, म्हणून ह्या लढाईचा इतिहास आम्हांला जवळचा वाटतो.

अलीकडे ही लढाई इंटरनेटवरील बाजारात शिरली आहे आणि तेथे विकणारा व घेणारा दोघेही चिडलेले आढळतात. विकणाऱ्याची तक्रार अशी की, लोक वस्तू न पाहताच निम्म्या भावाने मागतात, ‘संध्याकाळी येतो’ म्हणतात आणि येत नाहीत. आले तर ठरलेला भाव दारात उभे राहून पुन्हा पाडतात. घेणाऱ्याची तक्रार अशी की, वस्तू फोटोत एक आणि हातात दुसरी. शिवाय जुन्या वस्तूला नव्याचा भाव सांगतात. दोघेही एकमेकांच्या स्वभावाला नावे ठेवतात. आमच्या मते स्वभावाचा ह्यात वाटा थोडा आहे. मूळ दोष बाजाराच्या घडणीत आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आठवड्याच्या बाजारातील घासाघीस आपण सर्वांनी पाहिली आहे. ती वरवर भांडणासारखी दिसे, पण तिला चार खांबांचा आधार होता. पहिला खांब म्हणजे वस्तू समोर असे. दाणा दातांखाली धरून पाहता येई, बैल चालवून पाहता येई. दुसरा, पुढच्या बाजाराला पुन्हा तीच तोंडे भेटणार असत. तिसरा, आजूबाजूला साक्षीदार आणि मध्ये दलाल असे. आणि चौथा, सौदा पक्का करण्यासाठी विसार दिला जाई. विसार घेतल्यावर विकणाऱ्याने माल दुसऱ्याला दिला तर त्याची नाचक्की होई, आणि घेणारा फिरकला नाही तर विसार बुडे. शब्दाला किंमत होती ती माणसे अधिक सज्जन होती म्हणून नव्हे. शब्द मोडणे महाग पडत असे म्हणून.

तथापि जुन्या बाजाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच बाजारात ‘हत्ता’ पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांचा हात धरीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. ज्या शेतकऱ्याचा माल विकला जात होता, तो शेजारी उभा असूनही त्याला भाव ऐकू येत नसे. पुढे हिशेबात अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, नमुना, कडता अशा नावांनी कपात होई. शेतकरी मान हलवून पैसे घेई. त्याने तसे का करावे? कारण त्याला थांबता येत नव्हते. गाडी भाड्याची, बैल उपाशी, सावकाराचा हप्ता डोक्यावर, आणि आभाळ भरून आलेले. व्यापाऱ्याला मात्र आज नाही तर उद्या दुसरी गाडी मिळणारच होती.

येथेच घासाघिशीचे मर्म सापडते. ज्याला थांबता येते त्याच्या बाजूने भाव झुकतो. ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात मजुरीबद्दल हेच लिहून ठेवले आहे: तंटा झाला तर मालक पुष्कळ दिवस तग धरू शकतो, मजुराला आठवडाही काढणे जड जाते. आपल्याकडे हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज पडली नाही. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ह्या म्हणीत सारे आले.

मग उपाय काय झाला? शेतकऱ्याला हुशारी शिकविण्याचा उपदेश झाला नाही, बाजारालाच नियम लावण्यात आले. वऱ्हाडात कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ साली नियमाखाली आला. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा आला. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, १९३९ साली मुंबईचा शेतमाल बाजार कायदा झाला आणि १९६३ साली महाराष्ट्राचा. तपशील निरनिराळे, परंतु गाभा एकच: रुमाल दूर झाला पाहिजे आणि भाव उघड्यावर बोलला गेला पाहिजे. तोलणारा परवानाधारक असावा, कपाती ठरलेल्या असाव्यात, तंटा झाला तर तो ऐकणारे कोणी असावे. बाजार समित्यांत पुढे कोणते दोष शिरले हे आम्ही जाणतो. तेथील हमालांना संरक्षण मिळण्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. पण उघड लिलावाने शेतकऱ्याच्या कानापर्यंत भाव पोहोचला, हे नाकारता येणार नाही.

घासाघिशीला दुसरे उत्तर शहरांनी दिले, ते म्हणजे एकच भाव. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी असे धरले की, दहा घ्यायचे मनात असता वीस सांगणे म्हणजे खोटे बोलणे होय. जपानात मित्सुई घराण्याने १६७३ साली एडो येथे काढलेल्या कापडाच्या दुकानाने रोख पैसे आणि वाढवून न सांगितलेला भाव ह्या रीतीने नाव कमावले. न्यूयॉर्कला स्ट्यूअर्टने १८४६ साली मोठे दुकान थाटले, पॅरिसला बूसिको १८५२ साली बाँ मार्शेत शिरला, आणि ठरलेल्या भावाची पद्धत मोठ्या दुकानांत रुळली. ह्यात ग्राहकाचे हित झाले: मूल पाठविले तरी तोच भाव. दुकानमालकाचेही झाले; घासाघिशीत मुरलेला गुमास्ता आता लागेना, थोड्या पगारावरचा नवखा पोऱ्या चालू लागला. कामगारांच्या इतिहासात ह्या बाजूचीही नोंद राहावी.

आपल्याकडे ‘एकच भाव’ अशा पाट्या दुकानांतून लागल्या. वेष्टणातील मालासाठी १९७७ चे नियम झाले आणि पुढे कमाल किरकोळ किंमत पुड्यावरच छापून येऊ लागली. नव्या मालापुरती घासाघीस बरीचशी संपली. उरली ती जमीन, गुरे आणि जुन्या वस्तू ह्यांत. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार येथे ती अजून चालते, आणि निभते. पंख्याला वीज लावून पाहता येते, पान्याची पकड हातात घेऊन पाहता येते. नाही पटले तर गिऱ्हाईक चार पावले पुढे जाते आणि विकणारा मागून हाक मारतो.

आता इंटरनेटकडे वळू. अमेरिकेत पिअर ओमिड्यार ह्याने १९९५ साली जो लिलावाचा बाजार काढला त्याचे पुढे ई-बे झाले. तेथे पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू म्हणजे मोडका लेसर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न लगेच उभा राहिला. १९९६ साली दोघांनी एकमेकांबद्दल बरावाईट अभिप्राय लिहिण्याची सोय झाली. म्हणजे गावातील अब्रूचा खांब नव्या जागी रोवण्याचा तो प्रयत्न होता. तोही डळमळला. वाईट अभिप्राय दिला की समोरचा सूड म्हणून तसाच देई, म्हणून २००८ पासून विकणाऱ्याने घेणाऱ्याला वाईट अभिप्राय देणे बंद करण्यात आले. आपल्याकडे मुंबईची बाझी ही कंपनी २००४ साली ई-बेने घेतली. परंतु सामान्य माणसाच्या हाती आले ते जाहिरातींच्या फळ्यासारखे बाजार: २००६ साली निघालेले ओएलएक्स, २००८ चे क्विकर, २०१६ चे फेसबुक मार्केटप्लेस. अशा फळ्याने गाठ घालून द्यायची. पुढचे बोलणे, पैसा आणि वस्तू बहुतांशी दोघांनी आपापली सांभाळायची.

अशा रीतीने घासाघीस परत आली, पण चारही खांबांवाचून. वस्तू हातात नाही, माणूस पुन्हा भेटणार नाही, साक्षीदार नाही, विसार नाही. आणि रुमाल मात्र पुन्हा आला. बोलणे दोघांपुरते, खासगी निरोपांत चालते. ‘दुसरे गिऱ्हाईक जास्त देते आहे’ हे विकणाऱ्याचे म्हणणे खरे की खोटे, हे घेणाऱ्याला कळत नाही. ‘ह्याहून स्वस्त दुसरीकडे मिळते’ हे घेणाऱ्याचे म्हणणे विकणाऱ्याला पडताळता येत नाही. त्यात सैनिकाचे सोंग घेऊन, पैसे पाठवितो म्हणून क्यूआर कोड धाडून उलट पैसे काढून घेणारे भामटेही निपजले. प्रामाणिक माणसालाही मग संशयाने वागावे लागते.

निम्म्या भावाने मागणाऱ्याची मीमांसा जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालीच करून ठेवली आहे. त्याने उदाहरण घेतले जुन्या मोटारींचे. गाडीतील खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी संशयित धरून भाव देतो. चांगली गाडी असलेल्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो; मग मागे खोडीच्या गाड्यांचे प्रमाण वाढते आणि भाव आणखी उतरतो. निम्म्याने मागणारा सदैव उद्धट असतो असे नाही. पुष्कळदा तो भ्यालेला असतो. १९८३ साली मायरसन व सॅटरथ्वेट ह्यांनी तर गणिताने सिद्ध केले की, दोन्ही बाजू आपापली खरी किंमत मनात दडवून बसल्या असता, बाहेरून पैसा ओतल्यावाचून, होण्याजोगा प्रत्येक सौदा घडवून आणील असा नियम सर्वसाधारणपणे बांधताच येत नाही. काही त्रास अटळच आहे, हे त्यावरून समजावे.

परंतु त्रास सर्वांना सारखा होत नाही. ई-बेवरील सौद्यांचा अभ्यास बॅकस, ब्लेक व टाडेलिस ह्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. शंभराच्या पटीतील गोल आकडा सांगणाऱ्यांना आसपासचा नेमका आकडा सांगणाऱ्यांपेक्षा ५ ते ८ टक्के कमी भावाची मागणी आली, पण ती ६ ते ११ दिवस आधी आली. म्हणजे गोल आकडा हाच ‘आम्हांला घाई आहे’ असा निरोप ठरला. घाईची किंमत तेथे मोजून मिळाली. ज्याला हौसेची दुसरी सायकल विकायची आहे त्याला ती किंमत परवडते. कारखाना बंद पडलेला टर्नर आपला मायक्रोमीटर आणि व्हर्नियर विकायला काढतो, जूनमध्ये मुलीची फी भरायची म्हणून घरातले शिलाईयंत्र विकायला निघते, तेव्हा ‘तातडीने विकणे आहे’ हे शब्द लिहावेच लागतात, आणि ते शब्दच भाव पाडतात. १९८२ च्या गिरणी संपात भांडीकुंडी, दागिने विकून दिवस काढलेल्या कुटुंबांना हे नव्याने सांगावे लागणार नाही.

आमच्या चळवळीने ह्यावर जे उत्तर काढले ते येथे उपयोगी पडेल. एकटा कामगार मालकापुढे पगाराचे बोलतो तो रुमालाखालीच बोलतो. शेजारच्याला काय मिळते ते त्याला ठाऊक नसते. संघटनेने तीन गोष्टी केल्या. भाव सर्वांसमोर आणला. संपाचा निधी उभारून थांबण्याचे बळ दिले. आणि ठरलेले कागदावर उतरविले. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याखाली सहीचा करार दोन्ही पक्षांना बांधून ठेवी. बैठकीत पहिला आकडा कोणीही कितीही ताणून सांगो, सहीनंतर दारात उभे राहून तो पाडण्याची सोय नसे.

इंटरनेटवर असे काही होणेच शक्य नाही, असे कोणी म्हणेल. त्यांनी १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेला ई-नाम हा शेतमालाचा बाजार पाहावा. तोही तारांवरच चालतो. पण तेथे मालाची प्रत तपासण्याची, बोली उघड नोंदण्याची आणि पैसा शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची योजना आहे. ती सर्वत्र सारखी अमलात येते असे नव्हे. परंतु यंत्र आणि नियम एकत्र नांदू शकतात, एवढे त्यावरून दिसते. जुन्या वस्तूंच्या बाजारांनी विसार आपल्याकडे ठेवून घ्यावा, सौदा मोडणाऱ्याचा तो बुडावा, वस्तू पाहून पसंत पडल्यावरच उरलेला पैसा हलावा, तशी वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली तो भाव सर्वांना दिसावा, आणि तंटा ऐकणारा माणूस नेमावा, ह्या मागण्या अवास्तव नाहीत. तोवर आपण आपल्यापुरते एवढे करावे: वस्तूतील खोड आधी सांगावी, येणार नसू तर तसे कळवावे, आणि ठरलेला भाव दारात पाडू नये.

कारंज्याच्या बाजारापासून १९३९ च्या कायद्यापर्यंत त्रेपन्न वर्षे गेली. ओमिड्यारने बाजार मांडला त्याला आता तीस वर्षे होऊन गेली आहेत. एकमेकांना चिडखोर निरोप धाडण्यात विकणारे आणि घेणारे जी शक्ती घालवितात, तीतली थोडी जरी त्यांनी एकत्र येऊन बाजाराच्या धन्याकडे नियम मागण्यात लावली, तर इतकी वाट पाहावी लागणार नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरचा रुमाल दूर झाला, तसा हाही होईल.