काळं पाखरू

‘धुरानं पाखरं काळी पडली’ असं कुणी सांगितलं की लगेच पटतं. मलाही पटलं होतं. गिरणीत पाळी भरली की आपण कापसाच्या धुळीनं पांढरे होतो, बॉयलरवरचा माणूस काळा होतो, तसंच काहीसं. पुढं पुन्हा वाचताना कळलं, की मी समजलो ते साफ उलटं होतं. हा लेख त्या उलट्या समजाबद्दल आहे. कारण तो समज माझ्या एकट्याचा नाही.

इंग्लंडातलं मँचेस्टर. कापडाचं गाव. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी वेचलेला कापूस तिथं यायचा. १८६१ ते १८६५ तिकडं यादवी पेटली, तो कापूस तुटला, तेव्हा मुंबई बंदरातून आपल्याकडचा गेला. मुंबईच्या शेटजींची चांदी झाली, ते सोडा. गिरण्यांची धुरांडी रात्रंदिवस दगडी कोळसा ओकायची. आसपासच्या झाडांवरचं पांढुरकं दगडफूल मेलं, खोडं काजळीनं माखली.

त्या झाडांवर दिवसा पंख पसरून निपचित बसणारा एक पतंग आहे. रात्री दिव्यावर येतं तसलं पाखरू. रंग पांढरा, वर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके. १८४८ साली मँचेस्टरात त्यातलं एक काळंकुट्ट सापडलं. १८९५ पर्यंत तिथं शंभरातली अठ्ठ्याण्णव काळी. या पाखराची वर्षाला एकच पिढी. म्हणजे पन्नासेक पिढ्यांत अख्खी वस्ती पालटली.

आणि खरी गोम अशी, की एकही पांढरं पाखरू काळं झालं नाही. पांढरं जन्मलं ते पांढरंच मेलं. फक्त लवकर मेलं. काळ्या खोडावर ते उठून दिसायचं, पक्षी टिपायचे. काळं लपायचं, जगायचं, अंडी घालायचं, आणि पिल्लं आईबापावर जायची. बदललं ते वस्तीतलं प्रमाण. टट नावाच्या माणसानं १८९६ साली हे कारण लिहून ठेवलं. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ साली, आणि उत्क्रांती इतकी संथ की ती होताना आपल्याला दिसायची नाही, असं तो धरून चालला होता. ती इथं त्याच्या हयातीत, त्याच्याच देशात, गिरण्यांच्या धुरात चालू होती. १८८२ साली तो गेला.

तरी शिकलेल्यांनाही हे गिळेना. १९२० नंतर हेस्लॉप हॅरिसन या शास्त्रज्ञानं दावा केला, की पतंगांच्या अळ्यांना धातूंचे क्षार खाऊ घातले आणि पुढची पिल्लं काळी निघाली. म्हणजे धूर पोटात गेला, रंग आत मुरला. माझ्याच डोक्यातली गोष्ट, फक्त प्रयोगशाळेत बसून. दुसऱ्यांना ते करून दाखवता आलं नाही. हाल्डेननं मात्र १९२४ साली गणित मांडलं : काळं पाखरू पांढऱ्यापेक्षा दीडपट पिल्लं मागं ठेवत असेल, तर हा पालट बसतो. हाच हाल्डेन १९५७ साली कलकत्त्याला आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

मग चुकतं कुठं? आपल्या भाषेतच बघा. प्राण्यांचीही ‘जात’ आणि माणसांचीही ‘जात’. मन असंच चालतं. प्रत्येक प्रकाराच्या पोटात काहीतरी न दिसणारं सत्त्व आहे, त्यानंच तो प्राणी तसा होतो, असं ते धरतं. मानसशास्त्रज्ञांनी पोरांना गोष्ट सांगून पाहिलं : एका प्राण्याला रंगवलं, कापाकापी केली, हुबेहूब दुसऱ्यासारखा केला, आता तो कोण? जरा मोठी पोरं म्हणतात, पहिलाच. रानात जगायला ही अक्कल कामाची आहे. वाघाचा बछडा शेळ्यांत वाढला तरी वाघच. पण सत्त्व मानलं की एक जात दुसरीतून निघणं ही जादूच होते. एका रात्रीत माकडानं शेपूट टाकायची. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणालेच, की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठं लिहिलेलं नाही, सबब डार्विन चूक. लिहिलेलं कुठून असणार? एकही माकड माणूस झालेलंच नाही. वस्त्या सरकल्या, लाखो वर्षं, तसूतसूनं. डार्विनला हेच दिसलं होतं : सत्त्व बित्त्व काही नाही. एकासारखं दुसरं नसलेली पाखरं असतात, आणि त्या फरकावरच पुढचं सगळं चालतं.

या सत्त्वाची किंमत आपल्या बापजाद्यांनी मुंबईच्या गिरण्यांत मोजलीय. विणाई खात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा. अस्पृश्याची थुंकी धोट्याला, तो धोटा सवर्णाच्या तोंडाला. म्हणून आपल्याला विणाई खातं बंद, जा रिंग खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार एकजुटीची भाषणं ठोकणारे पुढारी अडखळले. थुंकीत काय होतं? क्षयाचे जंतू असतील, तर ते सगळ्यांच्याच. पण मनाला तिथं ‘जात’ दिसत होती, ओली, चिकटणारी. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी जात म्हणजे वंश, जात म्हणजे रक्तशुद्धी ही बडबड शास्त्राच्याच अंगानं मोडून काढली. शास्त्राचं नाव घेऊन जात टिकवणारे तेव्हाही होते.

रामस्वामी महालिंगम या संशोधकानं आपल्या देशात तपासलं, जात अंगातच असते असं कुणाला वाटतं. ब्राह्मणांत हा समज जास्त, दलितांत कमी निघाला. साहजिक आहे. ज्याच्या पाठीवर जात बाहेरून लादली, त्याला ती बाहेरची वाटणारच. पण फार फुशारकी नको. लग्न ठरताना आपल्यातलेही पोटजात विचारतात, हे मी बघितलंय.

पाखराचं पुढं सांगायचं राहिलं. १९५० नंतर केटलवेल यानं खुणा केलेली पाखरं सोडून पुन्हा पकडली. बर्मिंगहॅमच्या काजळीत काळी जास्त हाती लागली, डॉर्सेटच्या स्वच्छ रानात पांढरी. त्याच्या पद्धतीत खोट निघाली तेव्हा विरोधकांनी ढोल बडवले. पण खोट काढणारेही शास्त्रज्ञच होते. केंब्रिजच्या मायकेल मॅजेरसनं २००१ पासून जवळपास पाच हजार पाखरं सोडून सगळं नव्यानं केलं. २००९ मध्ये तो वारला, निकाल २०१२ मध्ये सोबत्यांनी छापला. पक्षीच खात होते. तोवर १९५६ च्या कायद्यानं धूर कमी झाला होता, खोडं उजळली होती, आणि काळी पाखरं घटत घटत दुर्मिळ झाली होती. तेव्हाही एकही काळं पाखरू पांढरं झालं नाही.

विरोधक म्हणतात, पाखरू अखेर पाखरूच राहिलं की! राहिलं. पन्नास पिढ्यांत आणखी काय होणार? माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज वेगळे झाले साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. मला पगाराच्या चिठ्ठीवरचे आकडे कळतात, हा आकडा नुसता ऐकू येतो.

२०१६ साली तो काळेपणा कुठून आला तेही सापडलं. जनुकात एक तुकडा उडी मारून घुसला होता, अंदाजे १८१९ च्या सुमारास. कुणी घडवला नाही, कुणी मागितला नाही. कुठल्या तरी एका अंड्यातून एक काळं पाखरू निघालं, आणि जवळपास तीस वर्षं त्याच्या लेकरांची नोंद कुणी केली नाही.