हाली कीं कलदार?

१८९६ सालीं अमेरिकेंत विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा चांदीचें नाणें मोकळेपणें पाडावें, या मागणीवर अध्यक्षपदास उभा राहिला. पिकाचे भाव उतरलेले, कर्ज जसेंच्या तसें. तेव्हां कर्जबाजारी शेतकरी त्याच्यामागें गेला. ब्रायन हरला, पण नाण्याचा वाद निदान मतपेटीपर्यंत पोंचला.

इकडे १८९३ सालींच इंग्रज सरकारनें टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. कुणब्यास विचारतो कोण! त्यांतून आमचें धाराशिव निजामाच्या राज्यांत. गांवांत हाली शिक्का, तर इंग्रजी हद्दींतील बार्शीच्या पेठेंत कलदार. पुढें ६ कलदारांस ७ हाली हा दर स्थिरावला. कर्जरोख्यांत ६० कलदार लिहिले असले, तर फेडतांना ७० हाली मोजणें आलें. निरक्षर ऋणकोनें कागदावरचें नाणें ओळखावें कसें? हाली शिक्का १९५९ सालीं कायमचा रद्द झाला.