स्ट्यूअर्ट, टोनी

स्ट्यूअर्ट, टोनी : (२० मे १९७१ – ). अमेरिकन मोटारशर्यत चालक, संघमालक आणि शर्यतमालिकांचा संघटक. पूर्ण नाव अँथनी वेन स्ट्यूअर्ट. प्रेक्षकांत ‘स्मोक’ या टोपणनावाने ओळखला जातो. जन्म इंडियाना राज्यातील कोलंबस येथे. मातीच्या छोट्या गोल ट्रॅकवरील मिजेट व स्प्रिंट कार, इंडीकार, नॅस्कारच्या स्टॉक कार आणि पन्नाशी ओलांडल्यावर ड्रॅग रेसिंग, अशा एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या प्रकारांत तो उतरला आणि त्या प्रत्येकात जिंकला. अमेरिकेतील सर्वांत चतुरस्र चालक कोण, ही चर्चा निघाली की ए. जे. फॉयट, मारिओ आंद्रेत्ती, डॅन गर्नी व पार्नेली जोन्स यांच्या पाठोपाठ स्ट्यूअर्टचे नाव येते. प्रस्तुत नोंदीचा भर चरित्रावर नसून या मूल्यमापनावर आहे.

मूल्यमापनाचे निकष : चतुरस्र चालकाचे मोठेपण दोन मापांनी मोजले जाते. पहिले माप म्हणजे जगभर नाव असलेल्या एकेका शर्यतीतील विजय. फॉयटने इंडियानापोलिस ५०० ही शर्यत चार वेळा (१९६१, १९६४, १९६७, १९७७), डेटोना ५०० एकदा (१९७२) आणि गर्नीच्या साथीने ल माँची २४ तासांची शर्यत (१९६७) जिंकली. आंद्रेत्तीच्या नावावर डेटोना ५०० (१९६७), इंडियानापोलिस ५०० (१९६९) आणि फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद (१९७८) आहे. या मापाने स्ट्यूअर्ट दोघांच्याही खाली येतो. दुसरे माप म्हणजे हंगामभर चाललेल्या मालिकेचे अजिंक्यपद. एखादी शर्यत चांगल्या गाडीच्या व दैवाच्या जोरावर हाती लागू शकते; वीस-तीस शर्यतींचा हंगाम तसा हाती लागत नाही. वेगवेगळ्या प्रकारांतील अजिंक्यपदे मोजली, तर स्ट्यूअर्टच्या तोडीचा अमेरिकन चालक दाखवणे कठीण आहे. दुसरे माप अधिक खरे आहे, या धारणेतून ही नोंद केलेली आहे.

भारतीय वाचकाला शर्यतींचा प्रकार बदलण्याच्या या प्रश्नाची थोडी ओळख नारायण कार्तिकेयनमुळे आहे. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला हा पहिला भारतीय चालक २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेतही धावला. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना आधी शिकलेले बरेचसे विसरावे लागते.

मातीचा ट्रॅक (फ्रीमाँट) : स्ट्यूअर्टची मूळ शाळा मातीचा ट्रॅक ही होय. तिचे स्वरूप कळल्याशिवाय त्याच्या कारकिर्दीचा अर्थ लागत नाही, म्हणून येथे थोडा विस्तार केला आहे. ओहायो राज्यातील फ्रीमाँट या छोट्या गावात सँडस्की काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर फ्रीमाँट स्पीडवे हा एक तृतीयांश मैलाचा, म्हणजे सुमारे ५३५ मीटरचा, चिकणमातीचा उंच वळणांचा ट्रॅक आहे. राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेझ यांचे गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत फ्रीमाँटचा उल्लेख येतो. स्प्रिंट कारच्या जगात ते शनिवारच्या रात्रीच्या शर्यतींसाठी माहीत आहे. जून महिन्यातील ओहायो स्प्रिंट स्पीडवीक या फिरत्या मालिकेचा येथे नेहमीचा मुक्काम असतो.

स्प्रिंट कारला क्लच व गिअरबॉक्स नसतो, स्टार्टरही नसतो. मागून ट्रकने ढकलत आणायची, वेग आला की चालकाने इंजिन पेटवायचे. ४१० घन इंचांचे इंजिन मिथेनॉलवर चालते आणि सुमारे ९०० अश्वशक्ती देते. चालक धरून गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. उजवे मागचे चाक डाव्यापेक्षा मोठे असते, त्यामुळे गाडी मुळातच डावीकडे वळू पाहते. डोक्यावरचा मोठा पंख तिला खाली दाबून धरतो. वळणावर पुढची चाके उजवीकडे फिरवून आणि मागची बाजू सरकू देऊन गाडी ॲक्सिलरेटरने वळवायची असते. फ्रीमाँटसारख्या ट्रॅकवर एक फेरी साधारण तेरा सेकंदांत होते. तेवढ्या वेळात दोन वळणे, दोन छोटे सरळ तुकडे आणि आसपास वीसेक गाड्या.

खरी परीक्षा मातीची. संध्याकाळी पाणी मारून ट्रॅक ओला व जड असतो, चाके घट्ट पकडतात. प्राथमिक फेऱ्या होत जातात तशी ओल उडते, मधला पट्टा काळा-गुळगुळीत पडतो आणि पकड फक्त बाहेरच्या कडेला साठलेल्या मातीच्या बांधावर किंवा अगदी आतल्या काठाला उरते. कसोटी सामन्याची खेळपट्टी पाच दिवसांत जशी बदलते, तसा हा ट्रॅक तीन तासांत बदलतो. शेवटच्या मुख्य शर्यतीत बाहेरून जायचे की आतून, हे चालकाला दर फेरीत नव्याने ठरवावे लागते. हातांत, पाठीत आणि बुडाखाली लागणाऱ्या धक्क्यांवरून पकड ओळखण्याची ही सवय स्ट्यूअर्टला पुढे डांबरावरही उपयोगी पडली, असे बहुतेक जाणकार मानतात.

१९७० मध्ये ओहायोत सुरू झालेल्या आणि फ्रीमाँटला नियमित येणाऱ्या ऑल स्टार सर्किट ऑफ चॅम्पियन्स या स्प्रिंट कार मालिकेची मालकी स्ट्यूअर्टने २०१५ मध्ये घेतली. त्याआधी, २००४ मध्ये, त्याने ओहायोतीलच रॉसबर्ग येथील एल्डोरा हा अर्ध्या मैलाचा ट्रॅक विकत घेतला होता. २०१३ मध्ये नॅस्कारची ट्रक मालिका त्याने एल्डोराच्या मातीवर आणली. नॅस्कारच्या राष्ट्रीय मालिकेची शर्यत मातीवर होण्याची १९७० नंतरची ती पहिली वेळ.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट : ओहायोतील फ्रीमाँटशी केवळ नावाने जुळणाऱ्या आणि मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या शहराचा मोटारींशी संबंध आज टेस्लाच्या कारखान्यामुळे सांगितला जातो. पण १९५९ ते १९८८ या काळात येथे ड्रॅग शर्यतींची पट्टी होती, आणि बेलँड्स या नावाने चाललेल्या अखेरच्या पर्वात तिच्या शेजारी स्प्रिंट कारसाठी मातीचा गोल ट्रॅकही होता. ड्रॅग आणि माती ही दोन टोके तेथे एकाच आवारात नांदली. स्ट्यूअर्टने ती पुढे एकाच कारकिर्दीत सांधली. पट्टी बंद झाली त्या वर्षी तो इंडियानात राहणारा सतरा वर्षांचा मुलगा होता.

यूसॅक पर्व : कार्टिंगमधील राष्ट्रीय पातळीवरील यशानंतर तो युनायटेड स्टेट्स ऑटो क्लबच्या (यूसॅक) शर्यतींकडे वळला. १९९१ मध्ये स्प्रिंट मालिकेत सर्वोत्कृष्ट नवोदित. १९९४ मध्ये राष्ट्रीय मिजेट अजिंक्यपद. १९९५ मध्ये त्याने मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन ही तिन्ही राष्ट्रीय अजिंक्यपदे एकाच हंगामात जिंकली. असे करणारा तो पहिला चालक होय. मिजेट हलकी व आखूड, सिल्व्हर क्राउनची गाडी लांब, जड आणि मोठ्या ट्रॅकसाठी बांधलेली. स्प्रिंट कार दोन्हींच्या मधली. एका आठवड्यात एकीतून उतरून दुसरीत बसायचे आणि तिन्ही तक्त्यांत गुण राखायचे, हे काम वरवर दिसते त्याहून फार अवघड आहे. संपूर्ण कारकिर्दीतील हा सर्वांत मोठा पराक्रम मानावा, असे या नोंदीचे मत आहे.

इंडीकार : १९९६ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये तो नवोदित होता. पोल (सुटण्याचे पहिले स्थान) मिळवलेला स्कॉट ब्रेटन सरावातील अपघातात मरण पावल्याने स्ट्यूअर्ट पहिल्या स्थानावरून सुटला. ४४ फेऱ्या आघाडीवर राहिला आणि इंजिन बिघडल्याने बाहेर पडला. १९९६-९७ च्या हंगामाचे इंडी रेसिंग लीगचे अजिंक्यपद त्याने मिळवले. ही मालिका नुकतीच मूळ इंडीकारपासून फुटून निघाली होती आणि अनेक नामवंत संघ तिच्याबाहेर होते, हे या अजिंक्यपदाचे वजन ठरवताना लक्षात घ्यावे लागते. किती, याविषयी एकमत नाही.

मेच्या अखेरीस दुपारी इंडियानापोलिस ५०० आणि संध्याकाळी शार्लट येथे नॅस्कारची ६०० मैलांची शर्यत, असा दुहेरी प्रयत्न त्याने दोनदा केला. १९९९ मध्ये तो अनुक्रमे नववा व चौथा आला. २००१ मध्ये सहावा व तिसरा आला, आणि दोन्ही शर्यती मिळून पूर्ण १,१०० मैल धावला. सगळे मैल पूर्ण करणारा तो एकमेव चालक आहे. काइल लार्सनने २०२४ व २०२५ मध्ये हा प्रयत्न केला. पहिल्या वर्षी इंडियानापोलिसला पावसाने उशीर झाला. तो शार्लटला पोहोचला तोवर तेथेही पाऊस आला आणि त्याला एकही फेरी मारता आली नाही. दुसऱ्या वर्षी त्याला दोन्हीकडे अपघात झाले.

नॅस्कार : १९९९ मध्ये जो गिब्ज यांच्या संघातून नॅस्कारच्या सर्वोच्च अशा कप मालिकेत प्रवेश. पहिल्याच हंगामात तीन विजय. कप मालिकेत एकूण ४९ विजय. अजिंक्यपदे २००२, २००५ व २०११. इंडियानापोलिसच्याच ट्रॅकवरील ब्रिकयार्ड ४०० ही शर्यत २००५ व २००७ मध्ये जिंकली. ४९ पैकी आठ विजय उजवी-डावी वळणे असलेल्या रस्तावजा ट्रॅकवरील आहेत : वॉटकिन्स ग्लेन येथे पाच, कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे तीन. गोल ट्रॅकवर वाढलेल्या चालकाला असे यश क्वचित मिळते.

२००९ पासून तो जीन हास यांच्यासह चालवलेल्या स्ट्यूअर्ट-हास संघाचा भागीदार आणि चालक अशा दुहेरी भूमिकेत होता. २०११ च्या हंगामातील पहिल्या २६ शर्यतींत त्याला एकही विजय मिळाला नाही. अजिंक्यपदासाठीच्या उरलेल्या दहांपैकी मात्र पाच त्याने जिंकल्या. होमस्टेड येथील अखेरच्या शर्यतीत तो पहिला आणि प्रतिस्पर्धी कार्ल एडवर्ड्झ दुसरा आला. दोघांचे गुण समान, २,४०३. हंगामातील विजय पाच विरुद्ध एक, म्हणून किताब स्ट्यूअर्टला. १९९२ च्या ॲलन कुल्विकीनंतर स्वतःच्या संघातून अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला चालक ठरला.

२६ जून २०१६ ची सोनोमाची शर्यत त्याचा अखेरचा कप विजय. त्या वर्षी जानेवारीत वाळूत चालवायच्या गाडीच्या अपघातात त्याच्या पाठीचा मणका मोडला होता आणि हंगामाच्या पहिल्या आठ शर्यती हुकल्या होत्या. अखेरच्या फेरीत डेनी हॅमलिनने त्याला मागे टाकले. शेवटच्या आखूड वळणावर ब्रेक मारताना हॅमलिनची गाडी किंचित बाहेर सरकली. तेवढ्या फटीत स्ट्यूअर्टने आतून गाडी घातली, दोन्ही गाड्यांच्या बाजू एकमेकींना घासल्या आणि स्ट्यूअर्ट पुढे निघाला. तीन वर्षांनी आलेला हा विजय होता.

अन्य प्रकार : विविध मालिकांतील नामवंतांना एकसारख्या गाड्या देणाऱ्या आयरॉक मालिकेचे अखेरचे, २००६ चे, अजिंक्यपद. टल्सा येथील चिली बोल ही बंदिस्त जागेतील मिजेट शर्यत दोनदा, २००२ व २००७ मध्ये. २०२१ मध्ये रे एव्हर्नहॅमबरोबर स्थापन केलेल्या एसआरएक्स मालिकेचे पहिले अजिंक्यपद. २०११ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे फॉर्म्युला वनचा चालक लुइस हॅमिल्टनशी गाडीची अदलाबदल करून मॅक्लारेन चालवली; ते प्रात्यक्षिक होते, शर्यत नव्हे.

अपघात व वाद : ऑगस्ट २०१३ मध्ये आयोवातील स्प्रिंट कार शर्यतीत पाय मोडला व उरलेला हंगाम गेला. ९ ऑगस्ट २०१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॅनन्डेग्वा येथे शर्यतीदरम्यान गाडीतून उतरून ट्रॅकवर आलेल्या एका तरुण चालकाचा स्ट्यूअर्टच्या गाडीची धडक बसून मृत्यू झाला. ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले नाहीत. दिवाणी दावा २०१८ मध्ये तडजोडीने मिटला.

ड्रॅग रेसिंग : पत्नी लीआ प्रुएट ही या क्षेत्रातील नामवंत चालक. २०२२ मध्ये स्ट्यूअर्टने टॉप अल्कोहोल या खालच्या वर्गात पदार्पण केले. कुटुंबासाठी लीआ थांबली तेव्हा २०२४ मध्ये तो तिच्या जागी टॉप फ्युएल वर्गात उतरला आणि वर्षाचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. तेव्हा त्याचे वय ५३ होते. नायट्रोमिथेनवर चालणारी ही गाडी १,००० फूट अंतर चार सेकंदांच्या आत कापते आणि ताशी ५३० किमी.च्या आसपास वेग गाठते. येथे मातीची जाण जवळजवळ निरुपयोगी ठरते : हिरवा दिवा लागताच सुटायचे, चाके घसरू लागली तर क्षणात ओळखायचे आणि गाडी सरळ ठेवायची. एप्रिल २०२५ मध्ये लास व्हेगास येथे त्याने या वर्गातील पहिला विजय मिळवला. नाव, पैसा आणि नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममधील स्थान (२०२०) गाठीशी असताना खालच्या वर्गापासून शिकायला बसणे, हे त्याच्या मोठेपणाचे वेगळे प्रमाण मानावे लागेल.

संघमालक : डॉनी शॅट्झने त्याच्या संघातर्फे वर्ल्ड ऑफ आउटलॉज या स्प्रिंट कार मालिकेची अनेक अजिंक्यपदे मिळवली. केव्हिन हार्विक २०१४ चा कप विजेता. स्ट्यूअर्ट-हास संघ २०२४ अखेर बंद झाला.

निष्कर्ष : डेटोना ५००, डार्लिंग्टनची सदर्न ५०० आणि लहानपणापासून ध्यास घेतलेली इंडियानापोलिस ५०० या तीन शर्यती त्याला कधीच जिंकता आल्या नाहीत. अमेरिकेबाहेरील शर्यतींत त्याची कामगिरी नगण्य आहे. ज्याच्यासाठी त्याने गाडीवर १४ क्रमांक घेतला, त्या फॉयटच्या बरोबरीला तो या कारणांनी येत नाही. हंगामी अजिंक्यपदांच्या विस्तारात मात्र तो फॉयट व आंद्रेत्ती या दोघांच्याही पुढे आहे. त्याच्यानंतर या परंपरेचा दावेदार म्हणून काइल लार्सनचेच नाव घेता येते : कप अजिंक्यपदे २०२१ व २०२५, नॉक्सव्हिल नॅशनल्स ही स्प्रिंट कार शर्यत तीनदा, चिली बोल तीनदा. फ्रीमाँटला येणारी ऑल स्टार मालिका स्ट्यूअर्टने २०२३ मध्ये लार्सन आणि त्याचा मेहुणा ब्रॅड स्वीट यांच्या हाय लिमिट या संस्थेला विकली.