बंदुकीचा कायदा आणि नेमबाजीचा खेळ



१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. हा तरुण कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी गावचा, एका शिक्षकाचा मुलगा. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे दुसरे वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षे जावी लागली.

आता खाशाबांचे यश आपल्याला चटकन उमजते. आपल्याकडे गावोगाव तालीम आहे, आखाडा आहे, पोराला खांद्यावर घेऊन जत्रेतल्या कुस्त्या दाखवणारा बाप आहे. पण बंदूक? आपल्या गावात परवान्याची बंदूक किती घरांत आहे, ते मोजायला एका हाताची बोटे पुरतात. परवाना काढायचा म्हणजे तालुक्याला आणि जिल्ह्याला किती हेलपाटे पडतात, हे ज्याने घातले त्यालाच विचारावे. मग ज्या देशात बंदूक हातात येणे इतके अवघड, तिथे खेड्यातला मुलगा जगातल्या पहिल्या तिघांत जाऊन बसला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधायला दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रज सरकारने लोकांची हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लावला. पुढे १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत सबंध देशासाठी हत्यारांचा कायदा झाला. त्याच वर्षी, त्याच लिटनने देशी भाषांतील वर्तमानपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदाही केला. म्हणजे एकाच वर्षी लेखणीला वेसण आणि बंदुकीला कुलूप! हत्यारांच्या कायद्यातली खरी बोचणारी गोष्ट निराळीच होती. परवान्याची अट होती ती हिंदी माणसाला. युरोपियन आणि अँग्लोइंडियन लोकांना त्यातून सूट होती. गोऱ्या माणसाने खांद्यावर बंदूक टाकून रानात जावे, आणि ज्याचे पीक डुकरे फस्त करीत आहेत त्या शेतकऱ्याने मात्र अर्ज लिहून कचेरीच्या पायरीवर बसावे, असा तो न्याय. वर्णावर आधारलेली ही सूट पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलून काढली गेली, पण तोवर चाळीस वर्षे लोटली होती.

त्या काळात नेमबाजीचा खेळ उरला तो गोऱ्यांच्या क्लबांत, छावणीच्या चांदमारीवर आणि संस्थानिकांच्या शिकारखान्यात. सामान्य माणसाचा आणि या खेळाचा संबंध तुटला.

याला एक अपवाद होता, आणि तो सांगण्याजोगा आहे. दक्षिणेकडे कर्नाटकात कोडगू, म्हणजे कूर्ग, नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या कोडव लोकांना इंग्रजी अमदानीपासून या कायद्यातून सूट मिळाली. ही सूट स्वतंत्र भारतानेही चालू ठेवली, आणि २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली. कोडवांच्या कैलपोळ्द या सणाला घरातल्या हत्यारांची पूजा होते, आपल्या खंडेनवमीसारखीच. मग उंच झाडाला नारळ बांधतात आणि गावचे लोक नेम धरून तो फोडण्याची शर्यत लावतात. तिथे नेमबाजी हा आजही गावचा खेळ आहे. इतर ठिकाणी तो कायद्यामुळे गावातून उठला.

हा कायदा आपल्या पुढाऱ्यांना कधीच पटला नाही. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. त्या अधिवेशनात हा कायदा सैल करावा असा ठराव झाला. आणि पुढचे ऐका! १९३० साली अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतली एक अशी होती, की स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, मात्र त्यावर लोकांचे नियंत्रण असावे. पुष्कळांना याचे नवल वाटते. पण विचार केला म्हणजे नवल वाटू नये. गांधीजींचा रोख बंदुकीवर नव्हता, अविश्वासावर होता. प्रजेवर विश्वास नाही म्हणून तिला निःशस्त्र ठेवायचे, हा अपमान त्यांना सलत होता. दुसऱ्या वर्षी कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यातही नियमांच्या मर्यादेत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, असे एक कलम होते.

मग स्वराज्य आले. आता हा हक्क घटनेत यायला काय हरकत होती? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. हत्याराचा हक्क एकदा सरसकट सर्वांना दिला, की तो गुंडापुंडांनाही मिळतो, मग सरकारने त्यांना आवरायचे कसे, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही 'शांततेने व विनाशस्त्र' जमण्याचे. परकी सरकारने कुलूप घातले होते ते भीतीपोटी. आपल्या सरकारने ते काढले नाही, पण किल्ली कोणाला द्यायची याचा विचार नव्याने केला. या दोन गोष्टींतला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

हा नवा विचार १९५९ च्या शस्त्र कायद्यात दिसतो. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. शिक्षक मित्रांनी त्याचे तेरावे कलम एकदा मुळातून वाचावे. परवाना देणे न देणे पुष्कळ अंशी अधिकाऱ्याच्या मर्जीवर असले, तरी काही ठरावीक बाबतींत, दुसरी काही हरकत नसेल तर, परवाना द्यावा, असेच हे कलम सांगते. त्यातली एक बाब म्हणजे पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याला लागणारी ठासणीची बंदूक. आणि दुसरी? सरकारमान्य रायफल क्लबाच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी लागणारी पॉइंट टूटू बोअरची रायफल किंवा हवाई रायफल. म्हणजे बघा, शेतकऱ्याची गरज आणि खेळाडूचा सराव यांना कायद्याने एकाच ओळीला बसवले. परवाना नाकारायचा झाला, तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करण्याची सोयही आहे. दार अरुंद खरे, पण भिंतीत दार ठेवले होते.

त्या दाराशी पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस कोण, तेही ऐकण्यासारखे आहे. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या आणि पुढे गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ. वकील, गांधीजींचे अनुयायी, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले, आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती. सत्याग्रही माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष होतो, ही विसंगती नव्हे. बंदूक ही हिंसेची गोष्ट न राहता शिस्तीची गोष्ट व्हावी, आणि तिला लोकांच्या संस्थेची देखरेख असावी, हीच तर १९३० ची मागणी होती. मावळंकरांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही होते, आणि पुष्कळ मुलांचा राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याचा रस्ता तिच्यातूनच जातो.

दुसरे दार शाळा-कॉलेजांत उघडले. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एन.सी.सी., उभी राहिली. छात्रसैनिक आपल्या कर्तव्याचा भाग म्हणून जे हत्यार हाताळतो, त्याला शस्त्र कायदा लागू होत नाही. ज्या घरात सात पिढ्यांत कोणी बंदूक पाहिली नाही, त्या घरातल्या मुलाच्या आणि मुलीच्या हाती पहिली रायफल आली ती इथे. मुंबईच्या अंजली भागवत या छात्रसेनेतूनच नेमबाजीकडे आल्या. २००० साली सिडनीला त्यांनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, आणि २००२ साली म्युनिकला जगातल्या निवडक नेमबाजांच्या स्पर्धेत त्या विजेत्या ठरल्या.

तिसरी घटना १९७२ सालची. वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीची हौस कायद्याने संपली. तोपर्यंत बंदुकीचा शौक म्हणजे शिकार, असेच समीकरण होते. बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनी मात्र त्याआधीच निराळी वाट धरली होती. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्याच्या प्रकारात त्यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. ते पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरले. १९७२ नंतर ही वाट सर्वांनाच धरावी लागली. कायद्याने जनावर काढून घेतले, तेव्हा खेळाडूने कागदाच्या निशाणावर डोळा रोवला. या खेळाचे त्यात भलेच झाले. शिकारीला जंगल, जीप, हाके घालणारी माणसे लागत. निशाणाला लागते एक भिंत, उजेड आणि चित्त.

यानंतरचे कायदे आणखी आवळत गेले. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. परदेशी बनावटीची रायफल मागवण्याची मुभा नामांकित नेमबाजांपुरती राहिली. काडतुसांनाही वर्षाची मर्यादा असते. ज्याला दिवसाला शंभर फैरी झाडून हात बसवायचा, त्याला मोजून मिळालेल्या काडतुसांत वर्ष काढायचे म्हणजे कसरतच! नेमबाजांनी यावर उपाय केला तो मोर्चाचा नव्हे. संघटनेमार्फत अर्ज केले, गुण दाखवले, नोंदवह्या दाखवल्या. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने खेळाडूंसाठी बंदुकांची आणि काडतुसांची मर्यादा वाढवली, ती या चिकाटीच्या जोरावर. कित्येकांनी गोळीशिवाय सराव करण्याची रीत अंगी बाणवली. रिकामी रायफल खांद्याला लावायची, श्वास रोखायचा, चाप ओढायचा, आणि नेम हलला की नाही ते पाहायचे. याला ना काडतूस लागते, ना पैसा.

पण खेड्यातल्या मुलासाठी सर्वांत मोठे दार उघडले ते हवाई रायफलने. १९८४ साली दहा मीटर हवाई रायफलचा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. यात दारू नाही, काडतूस नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. निशाणाच्या मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या हवाई बंदुकीची नळी ४.५ मिलिमीटरहून मोठी नाही आणि जिच्या छऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. शाळेच्या लांबट खोलीत किंवा एखाद्या गोदामात चांदमारी उभी राहू शकते ती यामुळेच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. शिकारखान्यांच्या संस्थानात आता सामान्य घरांतली मुले नेम धरू लागली.

म्हणून सगळे छान झाले, असे मात्र समजू नका. चांगली हवाई रायफल लाखांच्या घरात जाते. बहुतेक तालुक्यांना चांदमारी नाही. कायद्याने दार उघडे ठेवले, पण उंबरठा पैशाचा आहे. आणि दार उघडे राहीलच, याचीही हमी नसते. ब्रिटनचे उदाहरण घ्या. १९९६ साली स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावी एका माणसाने शाळेत शिरून पिस्तुलाने सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका यांना ठार केले. पुढच्याच वर्षी तिथे पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली, आणि पिस्तुलाने नेमबाजी करणाऱ्या खेळाडूंना सरावासाठी परदेशी जावे लागले. ज्या आईबापांची मुले गेली, त्यांच्यापुढे खेळाचे गाऱ्हाणे कोणत्या तोंडाने मांडायचे? एकाच्या हातून घडलेल्या अपराधाची किंमत हजारोंना मोजावी लागते, हा या खेळाचा नेहमीचा धोका आहे.

शिक्षक मित्रांनो, म्हणून एक गोष्ट आपल्या हातात आहे. हवाई बंदूक हे खेळणे नव्हे. तिने पाखरे टिपणारा आणि वाटसरूवर नेम धरणारा मुलगा हा नेमबाज नव्हे, तो या खेळाचे दार लावून घेणारा आहे. रायफलचे तोंड कधीही माणसाकडे वळवायचे नाही, निशाणापुढे उभे राहिल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, आणि खेळ संपला की ती कुलपात ठेवायची, एवढे तीन नियम मुलांच्या अंगवळणी पाडा. मग आपल्या जिल्ह्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि रायफल संघटनेकडे चौकशी करा. चार शाळांनी मिळून एक रायफल घेतली, तरी चाळीस मुलांचा हात बसतो.

१८७८ चा कायदा म्हणत होता, या लोकांवर विश्वास टाकता येत नाही. त्याला खरे उत्तर ठरावांनी दिले, भाषणांनीही दिले. पण कांबळवाडीच्या मुलाने दिलेले उत्तर सर्वांत सरळ आहे. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, तीनही पवित्र्यांत त्याचा हात डळमळला नाही. असा हात आपल्या शाळेतही असेल. तो ओळखण्याचे काम तुमचे.